हाफ-टाइमला तुम्ही विचारलं होतं

बाई, मी पोचले तोवर तुम्हाला माती देऊन झाली होती. नांदेडहून लातूरला यायला आजही चार तास मोडतात. लातूरहून तुमच्या पंचशीलाचा फोन सकाळी सातला आला. "मॅडम, महानंदाबाई गेल्या. झोपेतच. तुम्ही निघा," एवढंच ती बोलली. मी निघाले, पण मला उशीर झाला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "शकू, पाय हलवायला तुला कायम एक सेकंद जास्त लागतो." खरं आहे. मी कॅप्टन होते तेव्हाही बचावाला मागं धावताना शेवटची मीच असायची.

तुमच्या अंगणात वीस वर्षांपासून साठ वर्षांपर्यंतच्या बाया उभ्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बुटक्या पुढे आणि उंच मागे, फोटोला उभं राहावं तशा. मी ओळखत होते त्यांतल्या तीन-चार जणींनाच. बाकीच्या लातूरच्या, तुम्ही नांदेड सोडल्यानंतरच्या. तुमच्या भाचीनं मला आत नेलं आणि विचारलं, "तुम्ही नांदेडच्या शकूताई ना? मावशीची पहिली कॅप्टन?"

मी हो म्हणाले. ती पुढं काहीतरी बोलेल म्हणून थांबले. तिला पुढचं ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षं एका घरात राहून तुम्ही भाचीलासुद्धा माझ्याबद्दल तेवढंच सांगितलं होतं. पहिली कॅप्टन. बाकीचं मी सांगावं म्हणून ठेवलं होतं का, बाई? की सांगण्यासारखं काही आहे असं तुम्हाला वाटतच नव्हतं?

तुम्ही नांदेडला आलात ते दुष्काळाचं साल. गोदावरीत डोह तेवढे उरले होते. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि तिची भाकरी तव्यावरच भुगा व्हायची. मी पी.यू.सी.ला होते. कॉलेजमध्ये खेळ शिकवायला बाई येणार असं कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, लेझीम शिकवतील. तुम्ही पांढरी साडी, पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, अशा मैदानावर आलात आणि दोन खांब दाखवून म्हणालात, "ह्याला रिंग लावायच्यात. कोण चढतंय?" मी चढले. तेवढ्यावरून तुम्ही मला कॅप्टन केलं. पुढं कितीदा म्हणालात, "तुला खेळता येतं म्हणून न्हाई गं, तू विचारत बसली नाहीस म्हणून."

अहमदपूरच्या किराणा दुकानदाराची मुलगी तुम्ही. वर्षभराचं सर्टिफिकेट करून आला होतात आणि हातात तात्पुरती ऑर्डर होती. दर एप्रिलला ती संपायची, दर जूनमध्ये नवी मिळायची. तुमची आई विचारायची म्हणे, "चेंडू खेळायला शिकवायचा पगार देत्यात व्हय?" तुम्ही हे सांगताना आईचा आवाज काढायचात आणि आम्ही हसून लोळायचो.

माझ्या घरी परवानगी नव्हती. मुदखेडला रेल्वे क्वार्टरमध्ये तुम्ही पॅसेंजरनं आलात. बाबा पॉइंट्समन, ड्यूटीवरून नुकतेच आलेले. त्यांनी विचारलं, "बास्केटबॉल म्हंजी काय असतंय?"

"टोपलीत चेंडू टाकायचा."

"त्याला कॉलेज कशाला पायजे?"

"टाकू देत न्हाईत ना पाच जणी," तुम्ही म्हणालात.

बाबा हसले आणि तिथंच मी सुटले.

मैदान मुरमाचं. पाणी मारल्याशिवाय त्यावर चेंडू नीट उसळत नसे, पाय घसरायचे, डोळ्यांत धूळ जायची. पाणी कुठलं मारणार? प्राचार्य तुमच्यावर केवढे चिडले होते! "लोक घागरभर पाण्यासाठी वणवण करून राहिलेत आणि तुम्हाला मैदानावर शिंपडायला पाहिजे?" आम्ही दाराबाहेर उभ्या होतो. तुमचा आवाज चढला नाही. "प्यायचं नको, सर. पोरींच्या आंघोळीचं गटारात जातं, तेवढं द्या."

होस्टेलच्या न्हाणीघरामागं तुम्ही स्वतः खड्डा खणलात. एकेका मुलीला अर्धी बादली आंघोळीला. तेच पाणी खड्ड्यात साठवायचं आणि संध्याकाळी डब्या-डब्यानं मैदानावर शिंपडायचं. आमच्या मैदानाला साबणाचा आणि शिकेकाईचा वास यायचा. गावातल्या बाया कुंपणाशी थांबून बघायच्या आणि नाक मुरडायच्या. एकदा त्यांतल्या एकीनं मोठ्यानं म्हटलं, "पोरी नासवून राहिली ही मास्तरीण." तुम्ही चेंडू तिच्याकडं लोटलात आणि म्हणालात, "टाका की एकदा, मावशी." तिनं दोन्ही हातांनी फेकला, रिंगला नुसता लागला. पण दुसऱ्या दिवशी ती परत आली, नुसती बघायला.

ज्यांच्या घरची माणसं खडी फोडायला जात होती अशा तिघी आपल्या संघात होत्या. सरावाआधी तुम्ही सगळ्यांनाच भिजवलेले हरभरे द्यायचात, म्हणजे त्या तिघींना वेगळं वाटायला नको. त्यातला डाव मला तेव्हा कळला नव्हता. मला वाटायचं, हरभऱ्यानं उंची वाढते.

त्या दहा वर्षांबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकते. छातीपासून दोन हातांनी पास, चेंडू थेट नाही तर फळीवर मार, पडलीस तर आधी चेंडू धर आणि मग गुडघा बघ. पण आज मला पुढचं लिहायचं आहे.

मी बी.ए. झाले तेव्हा घरात लग्नाचं चाललं होतं. तुम्ही परत मुदखेडला आलात आणि मला शारीरिक शिक्षणाच्या डिग्रीला घालायला लावलंत. "सर्टिफिकेटवर कुणी कायम करत न्हाई. माझं बघताच आहात," असं बाबांना म्हणालात. तुम्हाला स्वतःला डिग्रीला जायचं होतं. पण तुम्ही गेलात तर वर्षभर संघ कोण बघणार, म्हणून तुम्ही मला पाठवलंत. मी शिकून आले आणि तुमच्या हाताखाली बिनपगारी काम करू लागले. मग कॉलेजमध्ये कायमची जागा निघाली. आपण दोघींनी अर्ज केला. मी करणार नव्हते, तुम्हीच फॉर्म आणून दिलात. "दोन नावं असली तर जागा रद्द होत न्हाई," म्हणालात.

मुलाखतीत त्यांनी डिग्री बघितली. जागा मला मिळाली.

त्या दिवशी तुम्ही माझ्या हातात खेळाच्या खोलीची किल्ली, पंप आणि सुयांची डबी दिलीत. तुमच्या चेहऱ्याकडं बघायची माझी छाती झाली नाही. तुम्ही म्हणालात, "सुई ओली करून घाल, न्हाईतर ब्लॅडर फाटतोय." दहा वर्षांचा चार्ज एका वाक्यात. मी "बाई, मी ही जागा घेत नाही" असं म्हणायला हवं होतं का? मी मनात म्हणाले. तोंडानं म्हणाले, "बरं."

त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. नवी ऑफिसं, नव्या पाट्या, नवी कॉलेजं. जिल्ह्याला स्वतःचे संघ हवे होते आणि शिकवणारं माणूस नव्हतं. तुम्ही ट्रंक घेऊन गेलात. तिथंही तात्पुरतीच ऑर्डर. पस्तिशी उलटल्यावर तुम्ही विशीतल्या पोरींच्या शेजारी बसून डिग्री केलीत. पाच वर्षांनी तुम्हाला कायम केलं. तुमचा हा सगळा प्रवास मी दुसऱ्यांकडून ऐकला, कारण मधल्या काळात मी तो प्रताप करून ठेवला होता.

पंचशीला तुम्हीच मला दिलेली. आपले जिल्हे वेगळे झाले तरी तुम्ही तालुक्या-तालुक्याच्या शाळांचे सामने बघत फिरायचात. तुमचं कार्ड आलं होतं: "बिलोलीला एक पोरगी आहे. हात लांब, डोकं शांत. तुझ्या जिल्ह्यातली आहे, तू घे." मी तिला नांदेडला आणली. एक वर्ष ती अशी खेळली की मला झोप लागेना. मग तिची आई आजारी पडली, घर बघायला कुणी नव्हतं, पंचशीला परत गेली. परीक्षेचा फॉर्म भरला गेला नाही आणि हजेरीपटावरून नाव कमी झालं.

त्याच वर्षी विद्यापीठाच्या सामन्यांत आम्ही फायनलला गेलो. समोर तुमचा लातूरचा संघ, मैदानही तुमचंच. मी आदल्या दिवशी बिलोलीला गेले आणि पंचशीलाच्या वडिलांना सांगितलं, दोन दिवसांसाठी पाठवा. पोरगी कॉलेजात नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. आमची सुनंदा नावाची राखीव खेळाडू होती. तिला मी घरी बसवली आणि तिच्या ओळखपत्रावर पंचशीलाला सात नंबरचा बनियन घालून उतरवली. काळा-पांढरा, पुसट फोटो. कोण बघतंय?

तुम्ही बघणार हे मला माहीत होतं, बाई. तुम्ही गप्प बसाल असं मी धरून चालले होते. आपलं नातं मी तिथं वापरलं. तसंच आहे ते.

हाफ-टाइमला आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो. तुम्ही मैदान ओलांडून माझ्याकडं आलात.

"शकू, ती सात नंबरची कोण?"

"सुनंदा."

तुम्ही माझ्या मुलींकडं पाठ केलीत. "मी पंचांकडं गेले तर पोरीचं वाटोळं होईल. तूच काढ तिला बाहेर. पाय मुरगळला म्हण. मी काही बोलणार न्हाई. नीट सांग, कोण ती?"

माझ्या मुली ऐकत होत्या. पंचशीला पाण्याचा गडू हातात धरून उभी होती.

"सांगितलं ना बाई, सुनंदा हाय."

तुम्ही वळलात आणि टेबलाकडं गेलात.

आम्हाला बाद केलं. तुम्ही पंचांना म्हणालात, "कप कुणालाही द्या, पण उरलेला अर्धा सामना पोरींना खेळू द्या. एवढ्या लांबून आल्यात." मी ऐकलं नाही. मुलींना तसंच घामेजल्या अंगानं स्टँडवर नेलं. त्यांतली एक वाटभर रडत होती. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. तो अर्धा सामना तिच्या हक्काचा होता, मी तो माझ्या तोऱ्यात घालवला.

पुढं मला खुलासा मागितला. मी लिहून दिलं की ओळखपत्रांची चुकून अदलाबदल झाली. कॉलेजनं मला सांभाळून घेतलं. आणि स्टाफरूममध्ये माझं सांत्वन सुरू झालं: "खुर्ची गेली म्हणून तुमच्या बाईनं दावा साधला." "तीन वर्षं पोटात ठेवलं, बघा." मी त्यावर मान हलवली नाही. पण नाही, असंही म्हणाले नाही. एका वाक्याचं काम होतं. ते मी केलं नाही आणि तुमचं नाव नांदेडमध्ये तसं पडलं ते पडलंच.

जूनमध्ये कळलं, तुम्ही बिलोलीला जाऊन पंचशीलाला लातूरला नेलं. तिच्या आईच्या औषधपाण्याची सोय लातूरच्या सरकारी दवाखान्यात लावली, पोरीला कॉलेजात घातलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी पकडून दिली आणि मग पळवली! खूप वर्षांनी पंचशीलानंच मला सांगितलं की तुम्ही तक्रारीत "सात नंबरची खेळाडू सुनंदा नाही" एवढंच लिहिलं होतं. ती कोण, हे पंचांनी तीनदा विचारलं तरी सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर तिला कुठल्याच कॉलेजनं पुन्हा उतरवली नसती. ती विद्यापीठाकडून खेळली, तुमच्यानंतर तुमच्या जागी लागली. मी तिला दोन दिवसांसाठी आणली होती, बाई. तुम्ही तिला जन्मभरासाठी नेलीत.

अकरा वर्षं आपण बोललो नाही. मग ती अहमदपूरची दुपार. माझी गाडी बंद पडली होती आणि तुम्ही गावच्या घरून परत निघाला होतात. स्टँडवर एकच बाक सावलीत होता. मी जागा बघून बसले आणि शेजारी तुम्ही. उठून जायचं कुणी, ह्याचा आपण दोघींनी विचार केला असणार. तुम्ही उकडलेल्या शेंगांचा पुडा माझ्यासमोर धरलात.

"तू अजून झोनच लावून राहिलीस म्हणे."

"माझ्या पोरी बुटक्या हायेत बाई. माणसाला माणूस लावून कसं जमंल?"

"बुटक्या म्हणून तर लावायचं! उंच पोरीला पळवून पळवून दमव की."

मग दोन तास आपण बाकावर शेंगांची टरफलं मांडून भांडलो. तुमची पाच, माझी पाच. तुमचं टरफल माझ्या टरफलाला चिकटून चालायचं, माझी आपली जागा धरून बसायची. कंडक्टर थांबून बघून गेला. मी किती हसले त्या दिवशी. आणि हसता हसता धीर करून म्हणाले, "बाई, त्या फायनलला..."

"लातूरची लागली बघ," तुम्ही म्हणालात आणि पिशवी उचललीत.

गाडी खरंच लागली होती. तुम्ही ऐकलंत की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर दिवाळीला फोन, लग्नकार्याला जाणं-येणं, निवृत्तीनंतर तर महिन्यातून एकदा तास-तास बोलणं, सगळं झालं. झोनचं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात, "शकू, मी मेल्यावर तरी कबूल कर." मी म्हणाले, "अजिबात न्हाई." तेच आपलं शेवटचं बोलणं.

तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी आपल्या जुन्या पोरींनी नांदेडला सभा ठेवली. पंचशीला लातूरहून आली. कॉलेजातले एक निवृत्त सहकारी बोलायला उठले. चांगलंच बोलले. शेवटी म्हणाले, "बाईंच्या मनात नांदेडबद्दल जरा अढी होती, पण माणूस आहे, चालायचंच." दोन-चार माना हलल्या.

मी उठले. बोलायचं ठरवून आले नव्हते. म्हणाले, "अढी बाईंच्या मनात नव्हती. त्या सामन्यात मी दुसरीच मुलगी खेळवली होती. बाईंनी मला दोनदा विचारलं, मी दोनदा खोटं बोलले. त्यांनी सूड घेतला असं तुम्ही सगळे म्हणत राहिलात आणि मी ऐकून घेत राहिले, कारण त्यात माझी सोय होती."

एवढंच. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. ते सहकारी हात जोडून म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, जुनं झालं आता." मला त्यांचा राग आला. जाऊ द्या म्हणणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा बोलणारे होते. मग माझा मलाच आला, कारण त्यांना बोलायला मुद्दा मीच दिला होता.

पंचशीलाला सोडायला स्टँडवर गेले. तिचंही वय झालं, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. म्हणाली, "मॅडम, हे बाई असताना बोलायला पाहिजे होतं."

"हाव."

"मग का न्हाई बोललात?"

मी तिची पिशवी हातात घेतली. लाज वाटत होती, हे एक. आणि तुम्ही मला माफ केलं आहे असं मी मनाशी धरून बसले होते. विचारलं असतं तर कदाचित तसं नाही असं कळलं असतं. ती भीती होती, बाई. तुमच्यासारखं माणूस दुसऱ्यांदा गमवायची.

गाडी लागली. चढताना ती म्हणाली, "शनिवारी लातूरला मॅच हाय. पोरींना बाईंची खुर्ची रिकामी बघायची सवय न्हाई. तुम्ही या."

शनिवारी मी गेले. टेबलाशेजारी तुमची खुर्ची मांडून ठेवली होती. मी तिच्यावर बसले नाही, राखीव पोरींच्या बाकावर कडेला बसले. समोर नांदेडचा संघ होता. त्यांची बाई माझीच विद्यार्थिनी. तिनं मला त्या बाजूला बसलेली बघितलं आणि लांबून हात जोडले. तिच्या पोरी झोन लावून उभ्या होत्या, अगदी मी शिकवला तसा. आपल्या पोरी शेवटच्या मिनिटापर्यंत माणसाला माणूस खेळल्या. नऊ नंबरची एक काटकुळी पोरगी आहे, पास देऊन जागीच उभी राहते. मी दोनदा ओरडले, "पळ की गं!" तिसऱ्यांदा ती आपण होऊन पळाली आणि फळीवर मारून बास्केट केलं.

आपण चार गुणांनी हरलो, बाई.